जुन्या स्प्लेंडरचे इंडिकेटर आणि नाना पेठेतले इलेक्ट्रिशियन काका

तुमच्याकडे पंधरा-वीस वर्षं जुनी बाईक असेल आणि इंडिकेटर एका बाजूला भसाभस फडफडतात, दुसऱ्या बाजूला नुसतेच जळत राहतात, खड्डा आला की बंद, पुढच्या खड्ड्यात परत चालू, असलं काही सुरू असेल तर पुण्यातल्या नाना पेठेत टू-व्हीलर स्पेअरच्या दुकानांमागच्या गल्लीत हे जे छोटं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे तिथे गाडी न्या. माझ्याकडून पाचपैकी पाच स्टार, आणि त्याचं मुख्य कारण म्हणजे इथले काका आधी मोजतात आणि मग पार्ट बदलतात. बाकी बहुतेक ठिकाणी उलटं चालतं, इंडिकेटर म्हटलं की टाक नवीन फ्लॅशर (दिव्यांची उघडझाप करणारी छोटी डबी), नाही चाललं तर टाक नवीन वायरिंग.

आमची गाडी हिरो होंडा स्प्लेंडर प्लस, 2005 ची, बाबांनी घेतलेली, आता रोज मी वापरते. 97.2 सीसीचं इंजिन अजून एका किकमध्ये चालू होतं, मायलेजला तोड नाही, म्हणून विकायचा विषयच घरात निघत नाही. पण पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी आरसी रिन्यू करायला गाडी आरटीओत दाखवावी लागते, आणि पासिंगला हॉर्न, ब्रेक लाईट, इंडिकेटर सगळं चालू लागतं. आणि पासिंगचं सोडा हो, पावसात संध्याकाळी उजवीकडे वळताना रेनकोटच्या बाहीतून हात दाखवायचा आणि मागच्या बसवाल्याला तो दिसला असेल असं धरून चालायचं, हे मला अजिबात पटत नाही. इंडिकेटर ही शोभेची गोष्ट नाहीये.

तर आमच्या गाडीचं दुखणं असं होतं की डावीकडे बटण दाबलं की मागचा दिवा लागून तसाच राहायचा, उघडझाप नाही, पुढचा डावा लागायचाच नाही. उजवीकडे दोन्ही लागायचे पण इतके भराभर की बघणाऱ्याला वाटावं काहीतरी बिघडलंय. आणि मधूनच ब्रेक दाबला की मागचे दोन्ही इंडिकेटर मंद पेटायचे, ही गोष्ट मला शेजारच्या मुलाने सांगितली, मला चालवताना कशी दिसणार. घराजवळच्या एका गॅरेजमध्ये दाखवली होती, त्यांनी फ्लॅशर बदलला, फरक शून्य, मग म्हणाले टाकी काढून अख्खं वायरिंग किट नवीन टाकावं लागेल. आकडा ऐकून मी गाडी परत घेऊन आले.

नाना पेठेतल्या काकांनी गाडीला हात लावायच्या आधी तीन प्रश्न विचारले. हँडल पूर्ण वळवल्यावर काही फरक पडतो का, रेस दिल्यावर स्पीड बदलतो का, आणि ब्रेक दाबल्यावर काय होतं. मी ब्रेकचं सांगितल्यावर लगेच म्हणाले, "ताई, मागचं अर्थिंग गेलंय, ते एक झालं. बाकी बघू." नुसत्या सांगण्यावरून एक फॉल्ट बाहेर. नंतर त्यांनी मला कारणही समजावलं. ब्रेक लाईटचा करंट दिव्यातून जाऊन अर्थच्या वायरने परत जातो, ती वाट खराब झाली की तो दुसरी वाट शोधतो, मागच्या इंडिकेटरच्या बल्बमधून उलटा शिरतो आणि पुढच्या इंडिकेटरच्या अर्थमधून बाहेर पडतो. म्हणून ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतात आणि ब्रेक लाईट स्वतः थोडा मंद होतो. हे लक्षण दिसलं तर फ्लॅशरकडे बघायचंसुद्धा नाही.

मग बॅटरी. व्होल्टेज मोजायचा मीटर लावला, गाडी बंद असताना 12.5 व्होल्ट, चालू करून रेस दिल्यावर 14 च्या वर. म्हणजे बॅटरी आणि चार्जिंग ठीक. इथे त्यांनी एक गोष्ट सांगितली जी जुनी स्प्लेंडर किंवा सीडी 100 चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. या गाड्यांचा हेडलाईट इंजिनाच्या कॉईलमधून थेट एसीवर चालतो, इंडिकेटर आणि हॉर्न मात्र बॅटरीच्या डीसीवर. त्यामुळे हेडलाईट झकास पडतोय म्हणून बॅटरी चांगली असं धरता येत नाही. आमच्या गाडीची बॅटरीही जेमतेम 12 व्होल्ट 2.5 अँपिअर-अवरची, चिमुकली. हॉर्न घोगरा झाला असेल, न्यूट्रलचा दिवा फिका पडला असेल आणि आयडलिंगला इंडिकेटर रेंगाळून रेस दिल्यावर पळायला लागत असतील तर आधी बॅटरी बघा, बाकी कशाला हात लावू नका.

त्यानंतर फ्लॅशरची पाळी. आपल्या जुन्या गाड्यांना दोन पिनचा फ्लॅशर असतो, एका पिनवर बी म्हणजे बॅटरीकडून येणारा करंट, दुसऱ्यावर एल म्हणजे दिव्यांकडे जाणारा. काकांनी फ्लॅशर उपसला, बी वर करंट येतोय हे बघितलं, आणि बी आणि एल च्या सॉकेटमध्ये वायरचा एक तुकडा खोचून दोन्ही जोडून टाकले. आता इग्निशन ऑन करून इंडिकेटरचं बटण दाबलं की त्या बाजूचे दोन्ही दिवे न फडफडता सरळ जळले पाहिजेत. जळले तर फ्लॅशरच्या पुढचं सगळं ठीक, दोष फ्लॅशरचा. नाही जळले तर दोष फ्लॅशरच्या पुढे आहे, नुसता तो नवीन टाकून काही होणार नाही. इतकी साधी परीक्षा, कोणीही घरी करू शकतं, फ्यूज मात्र जागेवर पाहिजे. आमच्याकडे डावीकडचा मागचा लागला, पुढचा नाही. उजवीकडचे दोन्ही लागले पण मागचा पुढच्यापेक्षा डोळ्यात भरेल इतका प्रखर.

तो प्रखर दिवा उघडला तर आत 21 वॅटचा बल्ब! या गाडीला इंडिकेटरला 10 वॅटचे बल्ब लागतात, पुढे दहा मागे दहा. एक पिनचा 21 वॅटचा बल्ब त्याच होल्डरमध्ये आरामात बसतो म्हणून कधीतरी कोणीतरी घालून दिलेला, आणि त्याच्या उष्णतेने पिवळी काच आतून करपट झालेली. काकांनी दोन्ही बल्ब शेजारी धरून मला दाखवले, पितळी टोपीवर बारीक अक्षरात वॅट कोरलेले असतात, उजेडात तिरके धरले की वाचता येतात. मग हिशेब सांगितला. दहा अधिक दहा म्हणजे 20 वॅट, 12 व्होल्टवर साधारण पावणेदोन अँपिअर, आणि या फ्लॅशरच्या डबीवर पण दहा गुणिले दोन असंच छापलेलं असतं. उजवीकडे 31 वॅट झाले म्हणजे अडीच अँपिअरच्या वर. जुन्या पद्धतीचा फ्लॅशर आतली तार किंवा पट्टी तापून उघडझाप करतो, करंट जास्त तर लवकर तापतो आणि पळतो, करंट कमी तर तापतच नाही आणि दिवा तसाच जळत राहतो. म्हणजे डावीकडे एक बल्ब कमी म्हणून तो थांबलेला, उजवीकडे वॅट जास्त म्हणून तो धावत होता. फ्लॅशर बिचारा खरंच सांगत होता, गॅरेजवाल्यांनी त्यालाच बदलला. (इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरचं वेगळं असतं, त्यातले काही बल्ब गेला की उलट जोरात फडफडतात, तो मुद्दाम दिलेला इशारा असतो, आणि काहींना लोडशी देणंघेणंच नसतं. म्हणून आपल्या गाडीत कुठल्या जातीचा बसलाय ते आधी विचारून घ्या.)

आता डावा पुढचा. बल्ब बाहेर काढून थेट बॅटरीवर लावला तर लख्ख पेटला, म्हणजे बल्ब चांगला. मग होल्डरपाशी मीटर लावला, 12 व्होल्ट दाखवतोय! मी म्हटलं करंट तर येतोय की. काका म्हणाले, "मीटरला दिसतं ते बल्बला मिळतं असं नाही ताई." आणि त्यांनी आपला टेस्ट लॅम्प काढला, दोन वायरी लावलेला साधा 10 वॅटचा बल्ब, त्याच जागी लावला तर पेटलाच नाही. मीटर जवळपास काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे वायरचा एकच तंतू शिल्लक असला किंवा जोडावर गंजाचा थर असला तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. बल्बने खरा करंट मागितला की तिथेच सगळं अडतं. मोबाईलवर बघून मीटर घेऊन बसणारे बरेच जण इथेच फसत असणार, म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

हेडलाईटची वाटी उघडल्यावर आत वायरींचा गुंता. होंडाच्या पद्धतीत डाव्या इंडिकेटरची वायर केशरी, उजव्याची फिकट निळी, फ्लॅशरकडून स्विचला जाणारी करडी आणि अर्थची हिरवी, हिरो होंडातही तेच. काकांनी केशरी वायर शोधून तिचा गोळीसारखा जोड खेचला तर नर पिनवर हिरवट पांढरी भुकटी, आणि मादी बाजूचं पितळ काळंठिक्कर पडून सैल झालेलं. वीस पावसाळ्यांचं पाणी वाटीत शिरतं आणि तिथेच जिरतं, दुसरं काय होणार. पॉलिश पेपरच्या बारीक पट्टीची सुरळी करून आतून घासलं, नर पिन चकचकीत केली, पकडीने मादी बाजू हलकेच दाबून घट्ट केली, बोटाच्या टोकावर घेऊन पेट्रोलियम जेली लावली आणि जोड बसवताना टक् असा आवाज येईपर्यंत दाबला. मग शेजारचे बाकीचे जोडही, कोणी न सांगता, एकेक काढून तसेच साफ केले, कारण एक गंजला म्हणजे बाकीचे रांगेत आहेतच. बटण दाबल्यावर डावा पुढचा पेटला.

मागच्या अर्थसाठी त्यांनी जे केलं ते मला सगळ्यात आवडलं. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी मागच्या इंडिकेटरच्या होल्डरच्या बॉडीला, आणि दिवा चालू. आदर्श असेल तर इथे जवळपास शून्य दिसायला पाहिजे, फार तर पाव व्होल्टपर्यंत. आमच्याकडे 1.8, आणि मडगार्डखालची वायर बोटाने हलवली की आकडा वर उडतोय. हिरवी वायर चिमटीत धरून काका थोडी थोडी ताणत गेले, एका जागी ती रबरासारखी ताणली गेली, तिथे प्लास्टिक शाबूत पण आतलं तांबं तुटलेलं. ती जागा कापली, नवीन तुकडा पिळून, कथिल लावून सोल्डर केला, वर स्लीव्ह चढवली आणि लायटरने आवळली. नुसती चिकटपट्टी गुंडाळून सोडलं नाही. परत मोजलं, 0.1. ब्रेक दाबला, इंडिकेटर गप्प, ब्रेक लाईट आधीपेक्षा स्वच्छ. समोर आकडा उतरताना दिसतो तेव्हा कामाबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही.

हँडलच्या स्विचलाही बघितलं पण ते फार लांबवत नाही, आत घट्ट झालेलं जुनं ग्रीस होतं ते साफ करून नवीन लावलं, बटण आता मधे आल्यावर मधेच थांबतं. हा स्विच घरी उघडणार असाल तर फडकं अंथरून उघडा, आतली बारीक गोळी आणि स्प्रिंग उडून गेली की मिळत नाही.

फ्लॅशर तोच ठेवला. नवीन विकायची आयती संधी होती, दुकानात बरण्या भरून पडलेत, पण काका म्हणाले चांगलाय, कशाला. शेवटी घड्याळ लावून मोजलं, नियमातलं माप मिनिटाला 60 ते 120 उघडझाप असं आहे, दोन्ही बाजू त्यात व्यवस्थित मध्यावर बसल्या आणि दोन्हींचा वेगही सारखा.

मी एलईडी इंडिकेटरचं विचारलं, कारण दिसतात छान आणि बॅटरी कमी खातात. त्यांनी स्पष्ट सांगितलं की जुन्या फ्लॅशरवर एलईडी लावली की करंट इतका कमी होतो की उघडझापच होत नाही, मग वेगळा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लागतो, तो बऱ्याचदा तीन पिनचा, तिसरी पिन अर्थची, म्हणजे एक वायर वाढली. आणि ज्या गाडीच्या स्पीडोमीटरमध्ये दोन्ही बाजूंना मिळून एकच पायलट बल्ब (इंडिकेटर चालू आहे हे दाखवणारा छोटा दिवा) असतो तिथे आणखी एक गंमत होते, एका बाजूचं बटण दाबलं की चारही फडफडतात. माझ्याच पुढे एक मुलगा जुनी टू-स्ट्रोक यामाहा घेऊन हीच तक्रार सांगत होता. तो पायलट बल्ब डाव्या आणि उजव्या वायरींच्या मधे जोडलेला असतो, साधे बल्ब असताना त्याच्यातून पलीकडे जाणारा करंट इतका थोडा की पलीकडचे बल्ब पेटत नाहीत, पण एलईडीला तेवढा पुरतो. उपाय म्हणजे दोन डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे), वन-एन-4007, एकेक दोन रुपयाला मिळणारे, डावीकडून एक आणि उजवीकडून एक असे येऊन पायलटच्या एका टोकाला मिळतात आणि दुसरं टोक अर्थला. काकांनी ते त्याच्यासमोर करून दिलं. त्यालाच सांगत होते की यामाहात रंग वेगळे, डावा गडद चॉकलेटी, उजवा गडद हिरवा, अर्थ काळी, त्यामुळे होंडाचं बघून यामाहात हिरवी वायर अर्थला लावायला गेलात तर फ्यूज गेलाच. माझ्या गाडीसाठी मात्र म्हणाले, रोज ऑफिसला जायचंय ना, मग 10 वॅटचे साधे बल्बच ठेवा, रस्त्यात कुठेही मिळतात. मला हा सल्ला पटला.

पैशाचं म्हणाल तर चारही बल्ब नवीन, करपलेल्या काचेच्या जागी नवीन काच, वायर, स्लीव्ह आणि मजुरी मिळून साडेचारशेच्या आत काम झालं. वायरिंग किटसाठी जे सांगितलं होतं त्याच्या पासंगालाही नाही. आणि काढलेले जुने बल्ब आणि तुटलेला वायरचा तुकडा माझ्या हातात दिला.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्याही सांगते. वेळ लागतो, भरपूर लागतो. एकटा माणूस, एक हाताखाली मुलगा, गल्लीत एकावेळी दोनच गाड्या उभ्या राहतात, तिसरी आली की मागच्या टेम्पोवाल्याची ओरड सुरू. बसायला एक स्टूल, तेही बहुतेक वेळा अवजारांनी भरलेलं. गाडी सोडून जाता येत नाही असं नाही, पण काकांना मालक समोर असलेला आवडतो, ते विचारत राहतात, आणि मला तर उलट त्यातच फायदा वाटला. छापील बिल मिळत नाही, कागदावर लिहून देतात. फोनवर लक्षणं सांगून अंदाज मागितलात तर देत नाहीत, गाडी घेऊन या म्हणतात. नवीन इंजेक्शनच्या गाड्यांचं काम शक्यतो घेत नाहीत, तसं सरळ सांगतात, त्यामुळे बीएस-सिक्सवाल्यांनी हेलपाटा घालू नये.

आणि एक सुधारणा मनापासून सुचवते, त्या तपासणीची वेगळी फी ठरवून बोर्डावर लिहा काका. खरं कौशल्य दोष शोधण्यात आहे आणि तुम्ही पैसे फक्त वायर जोडण्याचे घेता. लोक आनंदाने देतील, मी तर नक्की देईन.

जाणार असाल तर सकाळी दुकान उघडताना जा, शनिवारी संध्याकाळी अजिबात नको, गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. बॅटरी आदल्या दिवशी नीट चार्ज असू द्या म्हणजे तो संशय आधीच मिटतो. खड्ड्यात, ब्रेकवर, रेसवर, हँडल वळवताना काय काय होतं ते एकदा शांतपणे बघून ठेवा, कोणाला तरी मागे उभं करून, कारण पहिले प्रश्न तेच येणार आहेत. आणि याआधी कोणी फ्लॅशर किंवा बल्ब बदलले असतील तर तेही सांगा, आमच्या 21 वॅटच्या बल्बसारखं काही निघालं तर अर्धा तास वाचतो.